स्ट्राँगहोल्ड: बागा लावता की फाशीचे खांब?

नाचणीचा_लाडू
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो पण घरात वाद पेटलाय म्हणून धागा काढतोय.

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला (वय ११) स्ट्राँगहोल्ड हा कॉम्प्युटर गेम लावून दिला. तोच, फायरफ्लाय कंपनीचा, २००१ वाला. आमच्याकडे आहे ती २०२३ ची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे चित्रं स्वच्छ झालीत, बाकी दगड ओढणारा बैल तेवढाच हळू चालतो. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमचा एक किल्ला, मधे बालेकिल्ला, बाहेर शेकोटीभोवती रिकामटेकडी रयत. लाकूडतोड्याची झोपडी बांधली की त्यातला एक उठून लाकूडतोड्या होतो, बेकरी बांधली की एक बेकर होतो. रयतेला खायला घालायचं, कर घ्यायचा, भिंती बांधायच्या, आणि हे सगळं चालू असताना शत्रू शिड्या घेऊन येतो. लोकप्रियता ५० च्या खाली गेली की लोक बोचकी बांधून चालू पडतात.

तर यात दोन प्रकारच्या वस्तू बांधता येतात. एक चांगल्या: बागा, पुतळे, मेपोल (भोवती फेर धरून नाचायचा खांब), नाचणारं अस्वल. दुसऱ्या वाईट: फाशी, खोडा, अंधारकोठडी, मुंडकं उडवायचा ओंडका वगैरे. मी कॉलेजात असताना डोळे झाकून वाईट वस्तू लावायचो, लोक मुकाट जास्त काम करतात. लेक म्हणते अजिबात नाही. "बाबा, त्यांनी केलंय काय?" असं विचारते. तिच्या किल्ल्यात बागाच बागा, पाव कायम कमी, आणि काल साप (गेममधला एक शत्रू सरदार) येऊन तिचं सगळं जाळून गेला. दोनदा.

प्रश्न असा की दयाळू राजा राहून मोहीम कोणी पूर्ण केलीय का? की तिला आत्ताच वास्तव सांगून टाकू?

बैलगाडा_शर्यत
पहिला!!
मेपोल म्हणजे काय हे मला गेल्या वर्षी कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं विजेचा खांब आहे आणि लोक शॉक लागून नाचतायत.

हळदीकुंकू७७
@बैलगाडा हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

गिरणीवाला_बंडू
लाडूसाहेब, बागांना दोष देऊ नका. आधी मला सांगा, बेकरी कुठे आहे?

या गेममध्ये खरा शत्रू साप नाही, अंतर आहे. तुमचा बेकर काय करतो ते एकदा माउस सोडून नुसतं बघत बसा. स्टॉकपाइलवर (मालाच्या ढिगावर) जातो, पिठाचं पोतं उचलतो, बेकरीत येतो, भाजतो, पाव घेऊन कोठाराकडे जातो, रिकामा परत येतो. हे सगळं पायी. बेकरी कोठाराला खेटून असेल तर तो दिवसभर भाजतो, लांब असेल तर दिवसभर चालतो. धनुष्यं बनवणाऱ्याचं तेच, लाकूडतोड्याचं तेच. गिरणीत ३ पोरं कामाला लागतात आणि एक गिरणी बरीच शेतं ओढते, म्हणून लोक गिरण्या वाढवत बसतात तो पैशाचा चुराडा आहे. वाढवायच्या असतात बेकऱ्या. आणि त्या कोठाराजवळ.

खाणीचंही सांगून ठेवतो. खाण बांधली, ३ माणसं कामाला लागली, दगड फुटतोय आणि भिंतीला दगड नाही, असं होतंय का? मग बैल कमी आहेत. एका खाणीला एक बैल पुरत नाही, दोन तरी हवेत, लांब असेल तर तीन.

नाचणीचा_लाडू
बंडूशेठ, बेकरी नदीपलीकडे आहे 😬 आता खरं सांगतो, ती मीच लावून दिली होती. "तुला मदत करतो" म्हणून. तिकडे व्ह्यू छान होता.

गिरणीवाला_बंडू
व्ह्यू 🤦

डुक्करसरदार
मी स्पष्ट सांगतो, लेकीला वाईट वाटलं तरी चालेल. सगळ्या वाईट वस्तू लावा, डबल रेशन द्या, गावात दारूचा गुत्ता काढा, वर एखादं देऊळ, म्हणजे चर्च. संपला विषय. खोडा आणि फाशीमुळे लोकप्रियता खाली जाते ती खाणं, दारू आणि धर्म या तीन गोष्टींनी भरून काढायची. जगात सगळीकडे असंच चालतं, गेममध्ये वेगळं काय.

मिरजमळा
@डुक्करसरदार, अर्धंच सांगितलंत. वाईट वस्तू लावल्या की काम वाढतं हे बरोबर, पण तुमचे सैनिक मार खातात. भीतीत वाढलेलं सैन्य लढायला कच्चं आणि बागांतलं सैन्य लढायला पक्कं, तसंच बनवलंय त्यांनी मुद्दाम. म्हणजे दयाळू राजाचा बेकर आळशी पण तिरंदाज जोरात. आणि वस्तूंचा हिशोब लोकसंख्येवर असतो. २० माणसांच्या गावाला जेवढ्या बागांत सगळे खूश, तेवढ्याच बागा ८० जणांच्या गावात मोजदादीतही येत नाहीत. इथेच बहुतेकांचा दयाळूपणा गळपटतो. एका झोपडीत ८ माणसं, झोपड्या धडाधड वाढवल्या आणि बागा तेवढ्याच ठेवल्या की झालं.

मला आकडे क्रुसेडरचे (याच मालिकेतला पुढचा गेम) पाठ आहेत, तिथे डबल रेशनला लोकप्रियता +८, रेशन बंद केलं तर −८, अर्धं दिलं तर −४. गुत्ता सगळ्यांना पुरला तर अजून +८ पर्यंत. आता बघा, नुसतं पोटभर आणि ग्लासभर दिलंत तर १६ झाले. त्यातून तुम्ही बागा लावा, नाहीतर कर वाढवा, नाहीतर फाशी लावा, तुमची मर्जी. म्हणून खरा प्रश्न बाग की फाशी हा नाहीच, कोठार भरलंय का हा आहे.

डुक्करसरदार
तेच तर म्हणतोय मी. कोठार भरायला फाशी.

मिरजमळा
नाही हो. कोठार भरायला बेकरी. वर बंडू घसा फोडून सांगतोय.

कोपऱ्यातला_पीसी
धागा वाचून एकदम २००३ मध्ये गेलो. आमच्या गावात एकच सायबर कॅफे, तासाला २० रुपये, आणि मालकाने कुठूनतरी आणलेली सीडी होती ती जर्मन भाषेत. आम्ही चार जण एका खुर्चीवर दीड-दीड ढुंगण टेकवून बसायचो. सगळे संदेश जर्मनमध्ये. कारकून (तो खाली उजवीकडे वही घेऊन उभा असतो तो) काहीतरी घाबऱ्या आवाजात सांगायचा आणि आम्ही त्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचो की लोक नाराज आहेत की धान्य संपलंय. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, बघा कधी, लोकप्रियता पडली की चेहरा बदलतो. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर इंग्रजीतला मिळाला तेव्हा कळलं की "लाकूड कमी आहे" हे जे तो म्हणायचा त्याला आम्ही तीन वर्षं "हल्ला आला" समजत होतो आणि दरवेळी दार बंद करून घेत होतो. म्हणून लाकूड अजूनच कमी. कारण लाकूडतोडे बाहेर.

हळदीकुंकू७७
मेले मी 😂😂 लाकूडतोडे बाहेर

शंकासुर
सगळ्यांच्या आनंदात विरजण घालायला आलोय, सवय आहे.

मोहिमेचा काळ साधारण १०६६ च्या आसपासचा, जागा इंग्लंड आणि वेल्स. त्या काळात इंग्लंडात दगडी किल्ले जवळपास नव्हतेच. नॉर्मन लोक आले आणि त्यांनी मातीचा उंचवटा करून त्यावर लाकडी मनोरा, खाली कुंपण घातलेलं अंगण, असे किल्ले भराभर उभे केले. दगडाचं काम नंतर. दुसरं, मोठं वजन लावून धोंडे फेकणारा ट्रेबुशे युरोपात यायला अजून शंभरेक वर्षं होती. तिसरं, हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं). गेममध्ये हॉप्सचं शेत, मग ब्रूअरी (दारू गाळायची जागा), मग गुत्ता. इंग्लंडात लोक प्यायचे ती एल (धान्याची दारू) हॉप्सशिवायची, हॉप्स घातलेली बिअर तिकडे १४०० च्या सुमारास समुद्रापलीकडून यायला लागली. म्हणजे सरदारसाहेबांचा गुत्ता तीनशेहून जास्त वर्षं लवकर आलाय.

डुक्करसरदार
दारू लवकर आली याची तक्रार करणारा पहिला मराठी माणूस पाहिला.

शंकासुर
आणखी एक. मोहिमेतले चार शत्रू उंदीर, साप, डुक्कर आणि लांडगा. त्यांची नावं ड्यूक द प्यूस, ड्यूक बोरगार, ड्यूक त्रुफ आणि ड्यूक व्होल्पे. प्यूस म्हणजे फ्रेंचमध्ये पिसू. त्रुफ म्हणजे ते जमिनीखालचं महागडं अळंबं, जे डुकरं हुंगून काढतात, हे मस्त जमलंय. पण व्होल्पे म्हणजे इटालियनमध्ये कोल्हा! लांडग्याचं नाव कोल्हे.

बैलगाडा_शर्यत
आमच्या वर्गात वाघमारे होता, उंदराला घाबरायचा. नावात काही नसतं.

केंटची_काकू
मी गेम खेळलेली नाही, मुलगा खेळायचा, मी मागून "जेवायला चल" म्हणायचे एवढाच संबंध. पण इथे इंग्लंडात आम्ही राहतो तिथून रॉचेस्टरचा किल्ला जवळ आहे आणि शंकासुरांचं वाचून लिहावंसं वाटलं.

त्या किल्ल्याचा मुख्य मनोरा बाहेरून बघितला की काहीतरी खटकतं. तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल. कारण १२१५ साली जॉन राजाविरुद्ध बंड केलेले सरदार आत शिरून बसले होते, आणि राजाने खालून बोगदा खणून तो कोपरा पाडला. बोगद्याला लाकडाचे टेकू देतात, मग ते टेकू जाळायचे, की वरचा बुरूज आपोआप खाली बसतो. आग चांगली भडकावी म्हणून राजाने ४० लठ्ठ डुकरं मागवली, खायला उपयोगी नाहीत अशीच हवीत असं पत्रात लिहून. चरबीसाठी. बुरूज पडला तरी आतली माणसं मधल्या भिंतीमागे जाऊन लढत राहिली, शेवटी उपासमारीने शरण आली. नंतर तो कोपरा पुन्हा बांधला तो गोल बांधला.

मुलाला सांगितलं तर म्हणाला आई, गेममध्ये पण सुरुंगवाले असतात. मला उगाच वाटायचं नुसती मारामारी आहे.

गिरणीवाला_बंडू
काकू भारी 🙏 गेममध्ये सुरुंगवाल्यांचं गिल्ड असतं, ती माणसं जमिनीत शिरतात आणि भिंतीखाली निघतात. आणि खंदक असेल तर त्यांचं काही चालत नाही. म्हणून खंदक खणा लोकहो. वेळ लागतो, माणसं गुंततात, पण खणा.

डुक्करसरदार
४० डुकरं वाचून वाईट वाटलं. आयडी बदलावा म्हणतो.

मिरजमळा
डुक्कर साहेब तुमची चरबी कुठल्या बुरुजाखाली लावायची सांगा, व्यवस्था करतो 😄

सह्याद्रीचा_ससा
हे सगळे परदेशी किल्ले बघून हसू येतं. आमच्या राजगडासमोर, रायगडासमोर हे ट्रेबुशे आणि सुरुंगवाले काय करणार होते? कड्याला शिडी लावणार? आपल्या किल्ल्यांवर असा गेम का नाही बनत कोण सांगेल का?

शंकासुर
आला. मी वाटच बघत होतो की रायगड कितव्या प्रतिसादात येतो. विसाव्यात.

सह्याद्रीचा_ससा
का, येऊ नये का? 😠

मिरजमळा
येऊ द्या हो, पण मुद्द्याने येऊ द्या. स्ट्राँगहोल्डचं गणित सपाट जमिनीवरचं आहे, भिंतीच्या आत शेती मावत नाही म्हणून शेतं बाहेर आणि शत्रू आला की पहिली तीच जळतात. डोंगरी किल्ल्याचं गणित वेगळं. तिथे तट कमी, कडाच तट. पण कोठार आणि पाणी हा प्रश्न तोच. पन्हाळ्याला अंबरखाना बघितलाय ना, गंगा, यमुना, सरस्वती कोठ्या? किल्ला किती दिवस टिकणार ते बुरुजापेक्षा त्या कोठ्यांवर ठरत होतं. तिथे उभं राहिलं की मला दरवेळी तो कारकून आठवतो, धान्य संपत आलंय सांगणारा.

सह्याद्रीचा_ससा
हे पटलं. बाकी दिवाळीत आम्ही किल्ला करायचो तेव्हा पण मावळ्यांपेक्षा हाळीव पेरून शेत करण्यातच मजा यायची. म्हणजे मीही बंडूच्याच पार्टीतला.

उंटावरचा_शहाणा
अरे तुम्ही सगळे पहिल्या भागात काय अडकलात? खरा गेम क्रुसेडर, २००२ चा. वाळवंटात हिरवळ एवढीशी, शेती फक्त त्या हिरवळीवर, आणि त्या तुकड्यासाठी तीन शेजारी भांडतायत. आमच्या बांधावरच्या भांडणाचा सिम्युलेटर आहे तो. पहिल्या भागातले चारही प्राणी आहेत, वर सलादिन, खलिफा, सुलतान आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड. ओळीने ५० लढाया. अरब भाडोत्री सैनिक रोख पैशात मिळतात, शस्त्रं बनवत बसायला नको. गुलाम सगळ्यात स्वस्त, हातात मशाल, २० जण सोडले की शेजाऱ्याचं गाव पेटलं.

लाडूसाहेब, लेकीला क्रुसेडर द्या. २०२५ मध्ये त्याचीही डेफिनिटिव्ह एडिशन आली आहे. तिथे दयामाया आपोआप सुटते.

नाचणीचा_लाडू
तीच सुटू नये म्हणून तर पहिला भाग दिला 🙂

कोपऱ्यातला_पीसी
क्रुसेडरमध्ये उंदीर शेजारी आला की किती बरं वाटायचं. भालेवाल्यांची झुंड पाठवायचा, सगळे खंदकात जायचे, परत पाठवायचा. आमचा एक मित्र मुद्दाम त्याला मारायचा नाही, म्हणायचा राहू दे, गरीब आहे, सोबत होते. लांडगा मात्र नको. लांडग्याचा किल्ला नुसता नकाशावर बघितला तरी संध्याकाळची भूक जायची.

उंटावरचा_शहाणा
गाय फेकणं कोणी काढलंच नाही अजून. ट्रेबुशेमध्ये मेलेली गाय घालून भिंतीपलीकडे टाकायची, आत रोगराई. माझ्या आजीने एकदा मागून बघितलं. दोन दिवस बोलली नाही.

हळदीकुंकू७७
आजीचं बरोबर आहे. 😐

शंकासुर
खोटं नाही ते. वेढ्यात मेलेली जनावरं आत फेकत. काळ्या समुद्राकाठच्या कॅफा शहराच्या वेढ्यात, १३४६ मध्ये, प्लेगने मेलेली माणसं आत फेकली असं एका इटालियन माणसाने लिहून ठेवलंय.

बैलगाडा_शर्यत
प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (जेवताना वाचत होतो.)

रात्रपाळी
ड्युटीवरून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. लाडूंच्या मूळ प्रश्नाकडे येतो कारण तो मला गेममध्ये कधीच सुटलेला नाही, आणि मी खूप तास घातलेत.

वर मिरजमळा म्हणाले की प्रश्न कोठाराचा आहे. बरोबर. पण कोठार संपायला आलं की काय करायचं हे गेम कधी विचारत नाही. रेशन अर्धं करा, लोकप्रियता पडेल, काही लोक निघून जातील, आणि गेलेल्यांचं पुढे काय होतं? काही नाही. नकाशाच्या कडेला जातात आणि पुसले जातात. उलट मागे राहिलेल्यांना जास्त पुरतं. मी तर हे मुद्दाम करायचो, तोंडं कमी करायला.

मग मी शातो गायारबद्दल वाचलं. रिचर्डने, म्हणजे क्रुसेडरमधल्याच रिचर्डने, फ्रान्समध्ये सीन नदीवर बांधलेला किल्ला, ११९६ ते ११९८ एवढ्या थोड्या दिवसांत. तो मेल्यावर फ्रान्सच्या फिलिप राजाने १२०३ मध्ये वेढा घातला. खालच्या गावातली शेकडो माणसं जीव वाचवायला किल्ल्यात शिरलेली. किल्लेदार रॉजर द लेसीने धान्य मोजलं आणि ठरवलं की लढणारे सोडून बाकीच्यांना बाहेर काढायचं. पहिल्या काहींना फ्रेंचांनी जाऊ दिलं. मग फिलिपने हुकूम काढला की सोडायचं नाही, आत जितकी तोंडं तितकं बरं. पुढच्या तुकड्या बाहेर आल्या तर समोरून बाण. मागे वळल्या तर दार बंद. बायका, पोरं, म्हातारे, भिंत आणि वेढा यांच्या मधल्या पट्ट्यात, हिवाळ्यात, गवत खाऊन. कित्येक मेले. शेवटी फिलिपनेच उरलेल्यांना जाऊ दिलं. किल्ला १२०४ च्या मार्चमध्ये पडलाच. फ्रेंच आत शिरले ते संडासाच्या मोरीतून असं सांगतात, काही म्हणतात चॅपलच्या खिडकीतून.

हे वाचल्यानंतर मी गेममध्ये लोकांना हाकलणं सोडलं. गेम तोच, मी तोच, पण ते कडेला चाललेले लोक बघवत नाहीत. तेव्हा लाडू, लेकीला "वास्तव" सांगायची घाई नको. तिला ते दिसतंय असं मला वाटतं.

केंटची_काकू
रात्रपाळी, छान लिहिलंत. वाईट वाटलं पण छान लिहिलंत.

डुक्करसरदार
हम्म.
हे वाचून लगेच फाशी काढणार नाही पण हम्म.

मिरजमळा
एक गोष्ट लेकीच्या बाजूने. तिचा प्रश्न "त्यांनी केलंय काय", तो फार बरोबर आहे. पहिल्या भागात गुन्हा नावाची गोष्टच नाही. कोणी चोरी करत नाही, कोणी पळत नाही. तुम्ही फाशी उभी करता आणि ती नुसती चालू राहते. गुन्हेगार आले ते दुसऱ्या भागात, २००५ मध्ये. तिथे चोऱ्या होतात, पहारेकरी पकडतात, न्यायालय लागतं, मग शिक्षा, आणि शिक्षा भोगून माणूस परत कामाला येतो. म्हणजे बनवणाऱ्यांनाही चार वर्षांनी तोच प्रश्न पडला असणार जो ११ वर्षांच्या मुलीला दोन दिवसांत पडला.

उंटावरचा_शहाणा
दुसऱ्या भागात मैला उचलणारा पण आहे. राजा म्हणून मैल्याचं नियोजन करायचं. नगरसेवकांना सक्तीचा करा.

गिरणीवाला_बंडू
या गेमच्या मागची माणसं आधी शहरं वसवायच्या गेम्सवर काम केलेली. फायरफ्लाय १९९९ मध्ये काढणाऱ्या सायमन ब्रॅडबरीने सीझर मालिकेवर काम केलंय. त्यामुळे लढाईचा गेम म्हणून विकला तरी आत पाव, पीठ आणि बैल आहे. म्हणून तर मला आवडतो. लढायला मला येतच नाही, खरं सांगतो, मी इकॉनॉमिक मोहीमच परत परत खेळतो.

कोपऱ्यातला_पीसी
बंडू इतके दिवस आम्हाला ज्ञान देतोय आणि लढतच नाही 😂

गिरणीवाला_बंडू
पाव कुठून येतो ते आधी सांगा मग लढा.

शंकासुर
लाडू गायब. बहुतेक नदीपलीकडची बेकरी पाडतायत.

नाचणीचा_लाडू
आलो आलो. शनिवार-रविवार यातच गेला.

तर अहवाल. बेकरी पाडली. तीन नव्या, कोठाराला चिकटून. बंडूशेठ, फरक बघून मला लाज वाटली, पहिल्यांदाच डबल रेशन टिकलं. मेंढरासारखे पळत होते पाव घेऊन. हॉप्सची दोन शेतं, एक गुत्ता (तिला मी "सरबताचं दुकान" सांगितलंय, कृपया कोणी सांगू नका). बागा होत्या त्याच, झोपड्या वाढवताना दर वेळी ती एक बाग वाढवते, मिरजमळांचा प्रतिसाद मी वाचून दाखवला होता. रात्रपाळींचा नाही दाखवला. मी एकट्याने दोनदा वाचला.

साप आला, तटावर ३० तिरंदाज, पाणीपुरीसारखे टपाटप पडले त्याचे लोक. म्हणजे दयाळू राजाला जमतं. डुक्करसरदार, नोंद घ्या.

आता गंमत. काल बघतो तर किल्ल्यात एक खोडा. एकच. कोठाराच्या बरोबर समोर. मी म्हटलं, अगं, तू तर वाईट वस्तू लावणार नव्हतीस? म्हणाली, "हा एकाच माणसासाठी आहे." कोण? "ज्याने बेकरी नदीपलीकडे लावली तो."

हळदीकुंकू७७
😂😂😂😂 दंडवत सांगा तिला

मिरजमळा
बघा, गुन्हा आधी आणि शिक्षा नंतर. न्याय झाला.

डुक्करसरदार
नोंद घेतली. पण खोडा लावलाच ना शेवटी!! मी जिंकलो.

बैलगाडा_शर्यत
लाडू खोड्यात बसून टाइप करतायत का

नाचणीचा_लाडू
हो, एक हात मोकळा आहे.
बरं, पुढे डुक्कर आहे आणि मग लांडगा. तिला डांबराचे खंदक करायचेत, शत्रू आत आला की पेटता बाण. मुख्य दारासमोरच रुंद पट्टा ओढू का? कोणाचा अनुभव?

गिरणीवाला_बंडू
दारासमोर नको रे बाबा. तिथून तुझेच बैल जातात. बाजूला, जिथे शिड्या लागतात त्या भिंतीसमोर ओढ, पट्टा अरुंद आणि तुटक ठेव म्हणजे एकदम सगळं जळून जात नाही. तटावर पेटती शेगडी ठेवायला विसरू नको, नाहीतर तिरंदाज साधेच बाण मारत बसतील. आणि जवळपास झोपडी ठेवू नको, आग पसरते. विहीर बांधलीस का?

नाचणीचा_लाडू
विहीर नदीपलीकडे आहे.